कुणाला हलवायचं? साउथएंड, १९ जुलै २००६

नवीन एअर ट्रॅफिक कंट्रोलरांची बॅच आली की पहिल्याच आठवड्यात मी हे प्रकरण काढतो. यात धुकं नाही, विजा नाहीत, इंजिन बंद पडलेलं नाही. उन्हाळ्यातली दुपार आहे, दोन आसनांचं जुनं विमान आहे, त्यात एकटा बसलेला सोळा वर्षांचा मुलगा आहे आणि टॉवरमधून त्याला दिलेली एक सूचना आहे. वाचून झालं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, पण चूक कुणाची?" तो प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो आणि तासभर तिथेच राहू देतो.

साउथएंड विमानतळ लंडनच्या पूर्वेला, टेम्स नदी समुद्राला मिळते त्या अंगाला आहे. पुढे २०१२ मध्ये तिथे ईझीजेटची विमानं सुरू झाली. २००६ मध्ये तिथे मुख्यतः फ्लाइंग क्लबांची सेस्ना-पायपर विमानं आणि खासगी मालकांची छोटी विमानं, असा कारभार होता. १९ जुलैचा तो दिवस ब्रिटनमध्ये उकाड्यासाठीही लक्षात राहिला. सरे परगण्यातल्या विस्लीला ३६.५ अंश नोंदले गेले, जुलै महिन्यातला तोवरचा उच्चांक. नागपूरकराला याचं हसू येईल. पण तापलेली हवा विरळ असते, आणि शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाला विरळ हवेत वर चढताना धाप लागते हे नागपूरच्या फ्लाइंग क्लबात शिकलेल्यालाही ठाऊक असतं.

मुलाकडे सेस्ना एफ-१५०एल होतं. त्याची ही दुसरी सोलो. पहिली सोलो म्हणजे काय ते आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलवाल्यांना सांगायला नको. इन्स्ट्रक्टर शेजारच्या सीटवरून उतरतो, दार लावतो, "एक सर्किट मारून ये" (विमानतळाभोवती एक फेरी मारून उतर) म्हणतो, आणि परत आलेल्या पोराच्या डोक्यावर सगळे मिळून बादलीभर पाणी ओततात. दुसऱ्या सोलोला बादली नसते. कौतुकही नसतं. पण अनुभवाने म्हणाल तर पहिल्या आणि दुसऱ्या सोलोत फक्त एका लँडिंगचा फरक असतो. मला विचाराल तर दुसरी सोलो जास्त नाजूक. पहिल्या सोलोला सगळा टॉवर खिडकीला नाक लावून उभा असतो, दुसरीच्या वेळी सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात.

मुलगा सर्किट संपवून उतरण्यासाठी फायनलवर आला. धावपट्टी नाकासमोर, वेग कमी केलेला, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, खाली घेण्याची हीच वेळ. त्याच्या मागून एक पायपर मलिबू येत होतं. मलिबू म्हणजे सहा आसनांचं, चाकं पोटात घेणारं, ऐपतदार माणसाचं वेगवान विमान. दोघांमधलं अंतर घटत चाललं. टॉवरने पुढच्या विमानाला, म्हणजे मुलाला, उतरणं सोडून बाजूला वळायला सांगितलं. मुलाने सांगितलं तसं केलं. कमी उंचीवर, कमी वेगात वळताना विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल संपली, आणि ईस्टवुड या वस्तीतल्या बागेत कोसळलं. मुलगा गेला. जमिनीवर कुणाला इजा झाली नाही.

ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने चौकशी केली. तिचा निष्कर्ष थोडक्यात असा होता की मुलाला त्याच्या शिक्षणात न आलेल्या, अनोळखी परिस्थितीत टाकलं गेलं.

चाळीस सेकंद

कंट्रोलरच्या खुर्चीत बसून बघा. हिशेबापुरते गोल आकडे घेऊ, ते त्या दिवशीचे नव्हेत. पुढचं सेस्ना ६० नॉट्सने (ताशी ६० सागरी मैल) येतंय आणि धावपट्टीपासून दोन मैलांवर आहे. मागचं मलिबू ९० नॉट्सने येतंय आणि चार मैलांवर आहे. सेस्ना १२० सेकंदांत उंबरठ्यावर येईल, मलिबू १६० सेकंदांत. मधे उरले चाळीस सेकंद. तेवढ्यात सेस्नाने टेकायचं, वेग मारायचा आणि वळून धावपट्टीबाहेर पडायचं. सराईत वैमानिक असेल तर जमेलही. शिकाऊ पोरगं उतरल्यावर दोन श्वास घेतं, मग ब्रेक दाबतं, मग कुठल्या टॅक्सीवेने निघायचं ते आठवतं. चाळीस सेकंद त्याला पुरत नाहीत.

म्हणजे कुणाला तरी हलवावं लागणार, हे कंट्रोलरने बरोबर ओळखलं होतं. आमच्या धंद्यात ते ओळखणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे कुणाला हलवायचं, आणि इथे आमच्या डोक्यात एक जुनी सवय बसलेली असते. वेगवान विमान आधी घ्यावं, हळू जाणाऱ्याला जरा फिरवून आणावं. रांग लवकर सरकते, इंधन वाचतं, आकाश मोकळं होतं. ही सवय चुकीची नाही. रोज हजारो वेळा ती बरोबरच ठरते, म्हणून तर ती सवय झाली. पण ती दोन्ही विमानांत तयार वैमानिक बसलेत असं धरून चालते. कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव, ऐकून वय कळत नाही. जी-बीएबीबी या पाच अक्षरांत तीस वर्षं उडवणारा म्हातारा बसलेला असू शकतो आणि दहावीतून बाहेर पडलेला मुलगाही.

गो-अराउंड आणि वळण

वर्गात इथे वाद होतो. कुणीतरी म्हणतं, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढणं, तर सोलोच्या आधी शिकवलेलं असतं ना? असतं. सोलोला सोडण्याआधी इन्स्ट्रक्टर ते पुन्हा पुन्हा घोटून घेतो. पण शिकवलेलं असतं ते सरळ जाण्याचं. थ्रॉटल पूर्ण पुढे. कार्ब्युरेटर हीट बंद. नाक आवरायचं, कारण विमान उतरण्याच्या वेगाला तोलून (ट्रिम करून) ठेवलेलं असतं आणि पूर्ण ताकद दिली की ते नाक वर उचलू पाहतं. उजवा रडर, कारण नाक डावीकडे पळतं. वेग सावरला की फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर. हे सगळं धावपट्टीच्या रेषेत, पंख सपाट ठेवून. समोर ओळखीचं चित्र असतं, हातांना क्रम पाठ असतो.

यात वळण कुठेच नाही. वळण येतं ते वर चढल्यावर, वेग आल्यावर, फ्लॅप आत गेल्यावर.

एफ-१५०एलच्या पुस्तिकेतले आकडे मी फळ्यावर लिहितो. फ्लॅप पूर्ण खाली असताना स्टॉलचा वेग ताशी ४८ मैल, फ्लॅप वर असताना ५५. उतरतानाचा वेग फ्लॅप घेऊन ६० ते ७०. आता पंख कलंडवा. ३० अंश कलंडलात तर स्टॉलचा वेग सात टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांना १९ टक्क्यांनी, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. ४५ अंश कलंडलेल्या, फ्लॅप आत घेतलेल्या सेस्नाचा स्टॉल ६५ मैलांवर येऊन उभा राहतो. म्हणजे मघाशी उतरताना जो वेग सुखाचा होता, तोच आता विमान पाडणारा. फ्लॅप तसेच खाली ठेवले तर दुसरी पंचाईत: या विमानाचे फ्लॅप ४० अंशांपर्यंत उतरतात, आणि तेवढे खाली असताना ते चढायला जवळजवळ तयारच नसतं. फ्लॅप चटकन वर घेतले तर पंखाचा आधार गेल्यासारखं विमान खाली बसतं. सराईत वैमानिक यातून वाट काढतो, कारण नाक किती खाली ठेवायचं हे त्याच्या पाठीला कळतं. पाठीला कळायला तास लागतात.

स्टॉल कसा सोडवायचा हे त्या मुलाला शिकवलेलं असणारच. पण तो सराव उंचावर होतो, खाली हजारो फूट मोकळे असताना. स्टॉल सुटेपर्यंत शिकाऊ हाताला दोन-तीनशे फूट सहज लागतात. फायनलच्या शेवटाला तेवढे फूट शिल्लकच नसतात.

म्हणून "त्याने वेग का नाही सांभाळला?" हा प्रश्न बरोबर असला तरी उशिराचा आहे. चूक वैमानिकाच्या हातून झाली, पण ती ज्या जागी झाली तिथे त्याला नेलं कुणी?

"अनेबल" न म्हणणारी मुलं

रेडिओच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे, "अनेबल". जमणार नाही. हा शब्द उच्चारायचा प्रत्येक वैमानिकाला अधिकार आहे. विमानाचा कप्तान तो, कंट्रोलर नव्हे. पुस्तकात हे पहिल्या पानावर असतं. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने, दुसऱ्याच सोलोला, टॉवरमधल्या मोठ्या माणसाच्या आवाजाला "अनेबल" म्हणावं ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो? आपल्याकडे तर "सर म्हणाले" हे वाक्य पूर्णविरामासारखं वापरलं जातं. मी टॉवरमध्ये इतकी वर्षं काढली, सोलो विद्यार्थ्याच्या तोंडून हा शब्द एकदाही ऐकला नाही. ते "रॉजर", म्हणजे ऐकलं, एवढंच म्हणतात. कळलं असलं तरी रॉजर, नसलं तरी रॉजर. घाबरलेल्या मुलाच्या रॉजरला एक वेगळा सूर असतो, शेवटचं अक्षर गिळलेलं असतं. तो सूर ओळखायला प्रयागराजच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत.

फ्लाइंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी घोकून घेतात: आधी विमान सांभाळ, मग कुठे जायचं ते बघ, मग बोल. ताणात मुलं हा क्रम नेमका उलटा करतात. आधी उत्तर देतात. उत्तर देताना एक हात बटणावर जातो, डोकं शब्द जुळवत असतं, आणि तेवढा वेळ वेगाच्या काट्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. आंतरराष्ट्रीय रेडिओ मार्गदर्शिकेत फायनलच्या शेवटच्या टप्प्यात, सुरक्षेचं कारण नसेल तर, विमानाशी बोलूच नये असं जे लिहिलंय, त्यामागचं कारण हेच आहे. तो नियम शिष्टाचारासाठी नाही.

आमच्याकडचं एक

साउथएंडच्या शेजारी मी नेहमी एक घरचं उदाहरण ठेवतो. महाराष्ट्रातलंच एक विमानतळ, दिवसाला थोडी प्रवासी विमानं आणि बाकी वेळ फ्लाइंग स्कूलची किरकिर. मी तेव्हा नवा, शेजारी बसलेले आमचे सीनियर. सगळे त्यांना काका म्हणायचे, अगदी वॉकीटॉकीवर फायरवालेसुद्धा.

एक मुलगी सोलोला होती, डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने. बाहेरून एक एटीआर, दोन इंजिनांचं प्रवासी विमान, लांब फायनलवर येत होतं. काकांनी तिला सांगितलं, तू नंबर दोन, एटीआरच्या मागे ये, एटीआर दिसलं की कळव. "ट्रॅफिक इन साइट," ती लगेच म्हणाली. फारच लगेच. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीच समजलो नाही. आणि तिने बेसला, म्हणजे धावपट्टीच्या बाजूला, वळण घेतलं, थेट एटीआरच्या पुढ्यात.

माझ्या तोंडात तिला हाक मारायचे शब्द आलेच होते. काकांनी माझा माइक हाताने खाली केला आणि एटीआरला गो-अराउंड दिला. शांतपणे, जणू चहा सांगावा तसा. एटीआरच्या कप्तानाने कारण विचारलं, आवाजात नाराजी होती. "ट्रॅफिक अहेड," एवढंच. मग मुलीला, नेहमीपेक्षा हळू बोलून, वारा सांगितला आणि उतरायची परवानगी दिली. चुकलीस असं नाही, पुन्हा बघ असंही नाही. ती उतरली. जरा उडाली, पण उतरली.

नंतर ती टॉवरवर आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. काकांनी आधी चहा दिला. मग विचारलं, "बाळ, एटीआर दिसलं होतं का तुला?"

"हो सर. खाली उभं होतं ना, ॲप्रनवर. मला वाटलं तेच. उतरलंसुद्धा."

तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिला एक एटीआर खरोखर दिसलं होतं, सकाळी आलेलं, पार्किंगमध्ये उभं असलेलं. आपण "दिसतंय का?" विचारतो तेव्हा विद्यार्थी जे दिसतं ते सांगतो, जे बघायला हवं होतं ते नाही. त्या दिवसापासून मी सोलोवाल्याला "दिसतंय का" असं मोघम विचारत नाही. कुठे दिसतंय, तुझ्या डावीकडे की उजवीकडे, हे विचारतो. काकांनी रीतसर रिपोर्ट लिहिला, त्यात स्वतःचंही एक वाक्य घातलं: इतक्या लवकर आलेल्या उत्तरावर मी शंका घ्यायला हवी होती. तो रिपोर्ट पुढे कुणी वाचला का, देव जाणे.

दोन्ही ठिकाणी गाठ एकच होती. पुढे शिकाऊ, मागे वेगवान. काकांनी ज्याला झेपेल त्याला हलवलं. दोन वैमानिक, दोन इंजिनं, हजारो तास, गो-अराउंड ज्यांना हातचा मळ. एअरलाइनचं थोडं इंधन गेलं, पाच-सात मिनिटं गेली, कप्तान चिडला. मुलीला मात्र तिला येत असलेली एकच गोष्ट करायला मिळाली: समोरच्या धावपट्टीवर उतरणं.

साउथएंडला मलिबूला आधीच वेग कमी करायला सांगता आलं असतं, लांबवर एक फेरी मारायला लावता आलं असतं, अगदी शेवटी त्यालाच गो-अराउंड देता आला असता. आणि मुलालाच हलवायचं तर त्याला सरळ, धावपट्टीच्या रेषेत, पाठ असलेला गो-अराउंड देता आला असता. हे मी खुर्चीत बसून, निकाल माहीत असताना म्हणतोय याचं मला भान आहे. त्या कंट्रोलरला काही सेकंद होते.

उंची म्हणजे वेळ

याच्या नेमकं उलटं एक प्रकरण ऑस्ट्रेलियातलं. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस पर्थजवळच्या जँडाकॉटला सेस्ना १५२ मध्ये इन्स्ट्रक्टर हवेतच बेशुद्ध पडला. शेजारच्या विद्यार्थ्याने आजवर कधी विमान उतरवलं नव्हतं. टॉवरने जवळपास तासभर त्याच्याशी बोलत बोलत त्याला सुखरूप उतरवलं. पोरांना हे प्रकरण फार आवडतं, आणि का आवडू नये. पण मी त्यांना सांगतो की तिथे कंट्रोलरकडे उंची होती आणि टाकीत इंधन होतं, म्हणजेच वेळ होता. वेळ असेल तर शिकाऊ माणसाकडून पुष्कळ काही करवून घेता येतं, एकेक सूचना देत. साउथएंडला यातलं काहीच नव्हतं.

आणि काही चुकांत आम्ही कुठेच नसतो. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून एकटी निघालेली प्रशिक्षणार्थी सेस्ना १५२ घेऊन इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात येऊन पडली. किरकोळ जखमांवर निभावलं. तिथे टॉवर काय करणार होता? आपल्याकडच्या कितीतरी प्रशिक्षणाच्या धावपट्ट्यांवर पूर्णवेळ कंट्रोलर नसतोच, शाळेचाच माणूस रेडिओवर माहिती देतो. त्यात एक फायदा आहे जो आम्ही मान्य करायला हवा: त्या माणसाला वर कोण एकटं आहे हे नावानिशी ठाऊक असतं.

ते ठाऊक असावं म्हणून ब्रिटनमध्ये सोलो विद्यार्थी पहिल्या कॉलला कॉलसाईनच्या आधी "स्टुडंट" लावतो, आणि कंट्रोलरने ते ऐकलं असं कळवायचं असतं. त्यानंतर सूचनांचा वेग आणि गुंतागुंत त्याला झेपेल एवढीच ठेवायची. अमेरिकेतही विद्यार्थ्याने पहिल्या कॉलला "स्टुडंट पायलट" सांगावं अशी शिफारस आहे. एक शब्द, पण त्याचं कच्चं अंग उघड आहे. तो पहिल्याच कॉलला येतो. मधे ड्यूटी बदलली, स्ट्रिप, म्हणजे विमानाची नोंद असलेली पट्टी, दुसऱ्याच्या हातात गेली, किंवा अर्ध्या तासात आठ विमानं येऊन गेली, की तो शब्द हवेत विरतो. काका स्ट्रिपवर लाल पेनने गोल करायचे आणि ड्यूटी सोपवताना त्या गोलावर बोट ठेवायचे. बोट ठेवल्याशिवाय हेडसेट काढायचे नाहीत.

तासाच्या शेवटी मी प्रात्यक्षिक घेतो. एक प्रशिक्षणार्थी टॉवर होतो, दुसरा मलिबू, मी पुढचं सेस्ना. मी "स्टुडंट" म्हणत नाही, मुद्दाम. नुसतं कॉलसाईन, आणि प्रत्येक सूचनेला रॉजर, शेवट गिळलेला. मागच्या बॅचला सहा जणांनी मला फायनलवरून वळवलं. अगदी व्यवस्थित, पुस्तकी भाषेत. सातवी साताऱ्याची एक मुलगी होती. मी दुसऱ्यांदा रॉजर म्हटल्यावर ती थांबली. फळ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"कन्फर्म सोलो?"

"अफर्म."

"मलिबू, गो अराउंड," ती म्हणाली. मला पुढे ती काहीच बोलली नाही.